दौंडचं बटण

अगं, तू आधी ऐक तर! शिरूर स्टँडवर दौंडच्या गाडीला ही रांग. त्यात माझ्या पुढं इथल्या कंपनीतली गौतमी आन् तिथलेच फिटर अयुबमामा.

"मामा, दौंडच्या ऑफिसातनं इथल्या मशिनी कंप्युटरवर चालवायचं काम माझ्या गळ्यात हाय. सकाळी कनेक्शन लागतं, दुपारी तुटतं. उद्या साहेब बघणारेत. न्हाई जमलं तर काम दुसऱ्याला."

"दुपारी कनेक्शनची ती फोनची वायर मीच काढतो."

"मामा! का पण?"

"ब्लोअरचा पंखा साफ करतो तवा. हात आत असतो माझा."

"मग मेन स्विच बंद करा की!"

"आख्खं शेड बंद पडतंय."

"माझ्यावर इश्वास न्हाई व्हय?"

"हाय की. पण दौंडला बसून बटण दाबताना तुला माझा हात दिसतो का?"

गौतमी म्हणली, "दौंडला मशिनी नुसत्या दिसतील. चालू करायची चावी तुमच्या खिशात. मग वायर ठेवाल?"

"ठेवीन. आधी करून दाव."

"चला मग, माघारी शेडवर."

"आत्ता? गाडी लागली की पोरी!"

"उद्या हात आत जाणारच हाय ना तुमचा?"

आन् निघाली की गं रांगेतनं! मामा कुरकुरत मागं. पुढची गाडी कवा, कुणाला ठावं. तू असतीस तर सोडली असतीस गाडी?