रामधनची काठी अन् माहा ओटा

बसा, बसा. माह्यासाठी कोणी उठू नका. गुरुजी, तुम्ही आजच्या सभेचे अध्यक्ष, तुमाले नमस्कार. गल्लीतल्या समद्या बायामाणसांनो, तुमालेही. हिरी, तू पुढं ये, माय. नवरा तुहा गेला अन् तू मागं भिंतीपाशी बसून राह्यली, पुढच्या सतरंजीवर मात्र समद्या कडक इस्तरीच्या टोप्या. सरका थोडे. जागा करा तिले.

मले बोलता येत नाही असं म्हणलं तं तुम्ही हसान. चाळीस वर्सं झाले, या गल्लीनं माह्या तोंडाचा मार खाल्ला आहे. भांडता मले येते. मेलेल्या माणसाबद्दल चांगलं कसं बोलावं, ते नाही येत. शाळा माही दुसरीपर्यंत, तीही अर्धी. गुरुजींनी काल सांगतलं, आजी, तुम्ही दोन शब्द बोला. दोन शब्दांत माहं होत नाही, गुरुजी. अन् जे होईन ते गोड नाही होणार.

रामधनचा फोटो नाही. काढलाच नाही कधी. म्हणून तुम्ही काय केलं? दोन खुर्च्यांवर त्याची काठी आडवी ठेवली अन् तिले हार घातला. झेंडूचा हार, वरून उदबत्ती. मी आल्यापासून त्या काठीकडे पाहून राह्यली. आता आता हिचे दिवस आले बाप्पा. रामधन जिवंत होता तेव्हा हिच्याकडे कोणी पाहत नव्हतं. दिसली की दार लावून घेत होते.

आतापर्यंत तिघं जण बोलले. एक म्हणे रामधन वीर होता. एक म्हणे देवमाणूस होता. वामनराव, तुम्ही रडलात. रडा, तुमच्या मायसाठी गेला तो. पण तुम्ही म्हणाले, दैवानं ओढून नेलं त्याले. तिथं मले राग आला.

दैव? कोणतं दैव हो? कुठं राहते ते, आपल्या गल्लीत?

नवीन आलेल्या बिऱ्हाडांले ठाऊक नसन, म्हणून पहिल्यापासून सांगते. रामधन तांड्यावरचा माणूस. त्याचे बाप-आजे बैलांच्या पाठीवर मीठ अन् धान्य लादून गावोगाव फिरले. हा इथं आला, विहिरीजवळच्या शेवटच्या घरात राह्यला, गाडीबैलानं जिनिंगवर कापूस पोचवू लागला. मले तो याडी म्हणे. त्यांच्या बोलीत मायले याडी म्हणतात. अशी कडू माय त्यानं काहून निवडली, देव जाणे.

आपलं नवं राज्य झालं त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात पलीकडची गल्ली जळाली. आठवते ना? तेव्हा आपण समदे घाबरलो अन् या निंबाखाली बसलो. गुरुजींनी कागद लिहिला. घरात कापूस साठवायचा नाही. छपराच्या कवेलूवर कडबा टाकायचा नाही. दुपारचा वारा उठला अन् इशारा झाला की चुली विझवायच्या. अन् गल्ली जेवढी आहे तेवढी ठेवायची, ओटा एक बोटही पुढं आणायचा नाही, कारण आग लागली तं पाण्याचा बंब आत आला पाहिजे. कोणी सरकारनं नाही लादलं. आपणच ठरवलं. त्या कागदावर पहिला अंगठा माहा आहे. पाहा, गुरुजींच्या पेटीत असन अजून.

मंग गुरुजींनी विचारलं, हे पाळतात की नाही, पाहणार कोण?

उद्या शेजाऱ्याशी वाईट कोण होईन? तेव्हा मागून रामधन बोलला, "मी पाहतो." अन् आपण हसलो. मीही हसली. कोणी तरी म्हणलं, तांड्यावरचा माणूस आता शहराले कायदा शिकवणार. तो चिडला नाही. म्हणे, "आमचा तांडा उतरला का, पहिले वारा पाहात, मंग चुली मांडत. झोपड्यांच्या मधात जागा सोडत. तुमी पक्क्या घरात राहता, म्हणून इसरले."

दुसऱ्या दिवशी तो बंब उभा राहते तिथं गेला. दोरीनं बंबाची रुंदी घेतली, दोन्ही अंगाले एकेक वीत धरली अन् तेवढी काठी कापली. हीच ती काठी. दर महिन्याले ही आडवी धरून तो गल्लीच्या तोंडापासून विहिरीपर्यंत चालत जाय. कुठं अडली की थांबे. अन् त्या पहिल्या दिवशी त्यानं एकेका ओट्याच्या कडेले गेरूनं लाल रेघ ओढली. यापुढं नाही, म्हणे.

आता माह्या ओट्याचं ऐका. तिसरं घर, डाव्या हाताचं.

समोरच्यानं एक पायरी पुढं काढली. मले वाटलं, तो काढते तं मी काहून नाही? उन्हाळ्यात कुरडया वाळवायले जागा पुरत नव्हती. दिवाळीच्या आधी मी विटांची एक ओळ पुढं लावली. रेघ आत गेली. वरून शेणामातीचा हात दिला, चांगला गुळगुळीत. कोणाले कळू नये म्हणून त्यावर रांगोळी काढली. एवढी शहाणी मी.

रामधन काठी घेऊन आला. काठी अडली.

"याडी, रेघ कुठी गेली?"

"पावसानं गेली."

"पावसाले जाऊन दीड महिना झाला, याडी."

"मंग तुह्या डोळ्यानं गेली. म्हाताऱ्या, तुले धंदा नाही का? बैलाले चारा टाक, बायकोले लुगडं आण. माहा ओटा कायले मोजतं?"

तो ओट्याकडे पाहात उभा राह्यला. मंग म्हणे, "बंब भांडत नाही, याडी. बंब अडते अन् उभा राहते." अन् गेला. पुढच्या महिन्यात पुन्हा आला. "याडी, रेघ सापडली का?" मी म्हणलं, "सापडली की तुह्या घरी पाठवीन, परातीत घालून." समदी गल्ली खिदळली. वामनराव, तुम्ही तं पोट धरून हसले. दर महिन्याले त्याचा तोच सवाल, दर महिन्याले माहं नवं उत्तर. बाया दारात येऊन उभ्या राहत, आज आजी काय म्हणते ते ऐकायले. मले मजा येऊ लागली होती.

हसू नका आता. त्या हसण्यानंच माणूस गेला आपला.

माहं पाहून चौथ्या घरानं ओटा वाढवला. त्याचं पाहून पाचव्यानं मोरी बाहेर काढली. वामनराव, तुमचं नाव सोडणार नाही मी. तुम्ही पडवीत कापूस भरला, भाव चढायची वाट पाहात. रामधननं तुमाले किती खेपा सांगतलं? तुम्ही म्हणाले, माहं घर, माहा कापूस, तू कोण? कागदावर अंगठा नाही, सही आहे तुमची. शिकलेल्या माणसाची वळणदार सही.

अन् त्याचा पिपा? तेलाचा रिकामा पिपा घेऊन तो दुपारच्या उन्हात फिरे. पिपा बडवे अन् ओरडे, "वारा उठला! चुली विझवा! राखेवर पाणी टाका!" आपण काय म्हणत होतो? "वाजलं म्हाताऱ्याचं लग्न." माह्या घरातलीच गोष्ट आहे ही. दुसऱ्याची कायले सांगू?

त्या दिवशी पिपा वाजला. ऐकला नाही असं कोणी म्हणू नका. बहिऱ्यालेही ऐकू जाईन असा वाजला. माह्या चुलीवर कुरडयांचा चीक होता. सकाळचं काम दुपारवर गेलं होतं. अर्धा शिजलेला चीक उतरवला की गेला, हे बायांले सांगायले नको. मी सुनेले म्हणलं, हाटत राह्य, बुढा बोंबलते तं बोंबलू दे. समोरच्या घरात भाकरी थापणं चालू होतं. पलीकडे धुण्याचं पाणी तापत होतं. रामधन दारात आला. "याडी, आज वारा वाईट आहे. एक डाव ऐक." मी म्हणलं, "चीक नासला तं तू खाशीन का?"

त्याच्याशी मी बोलली ते शेवटचं. चांगलं बोलणं आहे का हे? सांगा तुम्ही.

ठिणगी कोणाच्या चुलीची, मले माहीत नाही. तुमालेही माहीत नाही, अन् म्हणून समदे निवांत झोपता. माही असू शकते. एवढंच मी म्हणते. तुम्ही आपापलं पाहा.

कापसाले आग लागली की विचार करायले वेळ देत नाही. पडवी पेटली. वामनरावची माय आत बाजेवर. दोन वर्सांपासून पाय उचलत नाही तिचे. पण बंब आला! उशीर नाही झाला, त्या लोकांले दोष देऊ नका. गल्लीच्या तोंडातून आत आला. पहिलं घर गेलं, दुसरं गेलं. तिसऱ्या घरापाशी चाक अडलं.

तिसरं घर कोणाचं?

बोला ना.

माहं. माह्या ओट्याले चाक लागलं अन् बंब उभा राह्यला. त्यातले लोक उतरले, पाइप ओढला, पाइप पुढच्या वळणावरच्या वामनरावच्या घरापर्यंत पोचला नाही. पाणी माह्या दारात सांडून राह्यलं अन् आग पलीकडे. मी माह्या ओट्यावर उभी. समदं पाहून राह्यली.

रामधननं एक डाव बंबाकडे पाह्यलं. मले वाटलं, आता हा मले बोलन. बोलला असता तं बरं झालं असतं. पण त्यानं पिपा खाली टाकला, डोक्यावरचा फेटा माह्या दारातल्या पाण्यात भिजवला अन् आत गेला. बुढीले बाजेसकट दारापर्यंत ओढलं. लोकांनी तिले बाहेर घेतलं. तो मागं होता. वरचा म्याल, छपराचं जळतं लाकूड, त्याच्या अंगावर आला.

ती बुढी पाहा तिथं बसली, खुर्चीवर. जिती आहे. रामधन नाही.

म्हणून मले दैव सांगू नका. दैवाचे हात मातीनं भरलेले नव्हते. माहे होते.

आता वामनराव म्हणतात, वर्गणी करू, रामधनच्या नावाचा चौथरा बांधू. कुठं? गल्लीच्या तोंडाशी. निंबाले लागून. पक्का, फरशीचा, वर नाव कोरलेलं. अन् तुम्ही समद्यांनी टाळ्या वाजवल्या! शोकसभेत टाळ्या!

अहो, काही लाज? जलमभर तो माणूस गल्ली मोकळी करा म्हणत फिरला, अन् तुम्ही त्याच्याच नावानं गल्ली बुजवता? मेल्यावर त्याच्याच हातून बंब अडवता? उद्या हिरीनं त्या चौथऱ्याले काठी लावायची का? कोणाले विचारायचं तिनं, रेघ कुठं गेली म्हणून?

चौथरा होणार नाही. मी आहे तोवर होणार नाही, अन् मी लवकर जाणारी नाही. वामनराव, आगीतून उरलेला कापूस उद्या जिनिंगवर पोचवा. गाडी हिरीच्या दारात उभी आहे, बैल रिकामे आहेत. तिलेच सांगा. अन् हो, विचारून सांगा, हुकूम नका सोडू.

आता माहं शेवटचं. आज सकाळी, तुम्ही समदे या सतरंज्या टाकत होते तेव्हा, मी पहार घेतली. सून म्हणे, आत्याबाई, गडी लावू. मी म्हणलं, लावताना गडी नाही लावला. तिसऱ्या घावाले पहिली वीट निघाली. मंग निघत गेल्या. शेणाचे पोपडे पडले, कवचासारखे, एकावर एक, प्रत्येक दिवाळीचा वेगळा. ओळ अख्खी निघाली, मागं माहा जुना ओटा दिसला.

त्याच्या कडेवर रेघ होती. लाल. जशी ओढली तशी. ना ऊन लागलं तिले, ना पाऊस. मी इतकी वर्सं झाकून जपली ना.

तुम्ही दोन मिनिटं उभं राहणार, माना खाली घालणार, मंग घरी जाऊन जेवणार. तसं करू नका. गप राहायचं आहे ना? मंग चालता चालता गप राहा. हा हार काढा काठीवरचा. हिरी, तू हे टोक धर, मी ते धरते. आपण दोघी आडवी धरून गल्लीच्या तोंडापासून विहिरीपर्यंत जाऊ. तुम्ही समदे मागून या. कोणी बोलायचं नाही, खोकायचंही नाही. जिथं काठी अडन तिथं आम्ही थांबू. ज्याचं घर असन त्यानं आपल्या ओट्याकडे पाहायचं. आम्ही काही म्हणणार नाही. तोही फार म्हणत नव्हता. तिसऱ्या घरापाशी नाही अडणार, ते मी पाह्यलं आहे.

रामधन, बाबा, तू दर महिन्याले विचारत होता. आज सांगते, समद्यांसमोर. रेघ सापडली. पावसानं नव्हती गेली.

उठा आता. हिरी, धर.