कुस्कोची उंची

निहार : कॅमेरा नाही लावायचा हं. नाकातली नळी दिसेल.

स्वराली : माहितेय रे. मी जर्मनीत, हायडेलबर्गच्या हॉस्पिटलात आहे हे कळलं तर पुण्यात एकटी काय करेल आई? बाबांना जाऊन वर्षसुद्धा नाही झालं. उद्या ऑपरेशन झालं की सांगू.

निहार : आणि समजा...

स्वराली : गप बस. आज मला आईचा आवाज ऐकायचाय. सहलीच्या पुस्तकातलं कुस्कोचं पान उघड आणि लाव फोन.

निहार : उघडलंय. आठवडाभर या खुर्चीत बसून पेरू देशातच नांदतोय मी.

आई : हॅलो! आज पण व्हिडिओ नाही का गं?

स्वराली : नेट नाही गं धड. कुस्कोतच आहोत अजून, मोठ्या चौकात.

आई : दम लागलाय तुला.

स्वराली : उंची केवढी आहे आई! महाबळेश्वरच्या अडीचपट. बोललं तरी... धाप लागते.

निहार : आई, सगळ्यांनाच लागते हो इथे. कोकाच्या पानांचा चहा देतात त्यावर.

आई : तिला फार चालवू नका, निहार. काय काय बघितलंत?

निहार : सूर्यमंदिर. इंका राजांचं. भिंतींना सोन्याचे पत्रे होते म्हणे. स्पॅनिश लोकांनी सोनं ओरबाडून वितळवलं आणि त्याच भिंतींवर चर्च बांधलं.

आई : मेल्यांना दुसरी जागा नव्हती?

स्वराली : मग भूकंप झाला आई. चर्च ढासळलं, आणि... निहार, तू सांग.

निहार : खालच्या भिंती जागच्या हलल्या नाहीत. चुना नाही, काही नाही, नुसते दगड एकमेकांत बसवलेत. मधे सुईसुद्धा जात नाही.

स्वराली : आणि कॅथीड्रलमध्ये येशूच्या शेवटच्या जेवणाचं चित्र आहे. ताटात काय वाढलंय सांगू? भाजलेला गिनीपिग!

आई : शी! देवाच्या पानात उंदीर? तू काय जेवलीस?

स्वराली : सूप.

आई : नुसतं सूप?

निहार : उंचीवर हलकंच खावं लागतं, आई.

आई : बरं. निहार, मागे ते काय वाजतंय हो? मघापासून टुक टुक चाललंय.

निहार : ते... म्हणजे... रस्ता ओलांडायचा सिग्नल आहे. आंधळ्या माणसांसाठी वाजतो.

आई : सिग्नल.

(टुक टुक चालूच राहतं.)

आई : स्वरा, तुझ्या बाबांच्या उशाशी बसून रात्रंदिवस तोच सिग्नल ऐकलाय मी.

स्वराली : आई...

आई : रडू नकोस. रडलीस की धाप वाढेल. काय झालंय, निहार?

निहार : हृदयाची झडप बिघडलीय. पेरूची तिकिटं काढली आणि त्याच आठवड्यात ही कोसळली. उद्या ऑपरेशन आहे. चुकलं आमचं, आई. तुम्हाला उगाच काळजी नको म्हणून...

आई : काळजी नको! मग मी करू काय इथे बसून? तुमचे कान नंतर उपटते दोघांचे. आधी तो फोन तिच्या उशाशी ठेवा. बंद करायचा नाही.

निहार : श्वेस्टर येतील आता तपासायला.

आई : येऊ देत नर्सबाईंना. मला काय त्यांची भाषा कळणारे?

स्वराली : आई, मला खूप भीती वाटतेय गं.

आई : मला पण वाटतेय, बाळा. तू आता बोलू नकोस. निहार, त्या खालच्या भिंतींचं परत सांगा. पडल्या नाहीत ना, तेवढंच सांगा.