आमचं मंडळ 'शब्दसागर' कसं झालं

आमच्या लेखक मंडळाचं नाव 'शब्दसागर' काहून, ते आज खरं सांगून टाकतो. फक्त हसू नका.

शहापूरले पहिली बैठक होती. मी 'शब्दसागर' सुचवलं, तर कोणी मानही हलवली नाही. मंग करडीचा देवाजी उठला. धानाचा शेतकरी, बांधावर बसून कविता लिहिते. म्हणे, "'रोवणी' ठेवू. बाया चिखलात वाकून एकेक रोप लावतेत, तसे आपण शब्द लावतो."

सारे वा वा करून टाळ्या वाजवून राहिले. जवाहरनगरच्या हापिसात जनमभर मी मराठीत टिपणं लिहिली, शुद्धलेखन माहं पक्कं, अन् टाळ्या याले?

मी तोंड गंभीर करून म्हटलं, "नाव छान आहे, पण गोंदियाले याच नावाचं मंडळ आहे ना." साफ खोटं!

देवाजी म्हणे, "मंग राहू द्या, सर. दुसऱ्याचं नाव कायले घ्याचं?"

माहा सागर पास झाला.

पुढच्या साली देवाजीचं पुस्तक आलं. नाव 'रोवणी'. जो तो नावाचंच कौतुक करे. प्रकाशनाले त्यानं मले स्टेजवर बोलावलं, शाल पांघरवली अन् हळूच कानात म्हणे, "सर, गोंदिया माही सासुरवाडी आहे. तिथं असं मंडळ नाही, हे मले तवाच मालूम होतं. पण इतकं चांगलं नाव मंडळाले कोण देते?"