मंजुळाचा हात वर झाला तेव्हा

मंडळी, ऐका. मृदंगवाले, जरा थांबा. आज मला राग आलाय, आणि तो बोलून टाकल्याशिवाय तोंडातून अभंग निघायचा नाही. सवाल साधा आहे — लेकराच्या हातात फूल दिलं म्हणजे त्याचं स्वागत झालं का?

उंबरदऱ्याच्या शाळेचा पहिला दिवस. दाराला तोरण, अंगणात रांगोळी. पहिलीच्या पोरांचे पाय कुंकवाच्या पाण्यात बुडवून कागदावर ठसे घेतलेले. सावळकर गुरुजी इस्त्रीच्या सदऱ्यात. आता फक्त शिक्षण खात्याचे साहेब यायचे होते. साहेब कधी वेळेवर येतात? हसता काय, तुम्ही तरी कीर्तनाला वेळेवर आलात का?

रांगेत मंजुळा उभी. गिरजाबाईची लेक, सहा वर्षांची. तिनं हात वर केला. "गुरुजी, मला जायचंय."

"आत्ता कुठं जायचंय? साहेब येतायत. गप उभी राहा."

पोरीनं हात खाली घेतला. थोड्या वेळानं पुन्हा हात वर. "गुरुजी —"

"हात खाली घे. फोटो बिघडतो."

अहो, मुतारी कुठं आहे हे त्या लेकराला कुणी दाखवलंच नव्हतं! फुलं वाटायला मात्र चार माणसं. व्हायचं तेच झालं. साहेबांची गाडी आत आली आणि इकडं पोरीचा परकर भिजला. गुरुजी काय म्हणाले? "शी! पहिल्याच दिवशी घाण केलीस?" सगळी रांग हसली. पोर रडत घरी पळाली.

मग ती शाळेत येईना. शेवटी गुरुजी घरी गेले. "गिरजाबाई, पोर भारी हट्टी हो तुमची." आई भाकरी थापत राहिली. दाराआडून मंजुळाच म्हणाली, "गुरुजी, आता विचारलं तर जाऊ द्याल?"

तेव्हा कुठं माणसाची मान खाली गेली. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेआधी त्यांनी सगळ्या पोरांना मुतारी दाखवली, नळ दाखवला. सगळ्यांदेखत म्हणाले, "त्या दिवशी चूक माझी होती."

तुम्हाला वाटलं, झालं, आख्यान संपलं. नाही! मंजुळा शाळेत यायला लागली खरी, पण वर्षभर तिनं शाळेत पाण्याचा घोट घेतला नाही. उन्हाळ्यात ओठ सुकायचे. गुरुजी स्वतः तांब्या घेऊन जायचे, ती मान हलवायची. पुन्हा जायची वेळच नको म्हणून.

पुढं बसलेल्या शिक्षक मंडळींनो, माना काय डोलावता? सोमवारी तुमच्या शाळा उघडतायत. तोरणं बांधा, माझी ना नाही. पण आधी लेकरांना मुतारी दाखवा, आणि हात वर झाला की जाऊ द्या. साहेब थांबतील. चिडलेच तर माझं नाव सांगा.

आता घ्या विठ्ठलाचं नाव. आणि ज्यांनी ज्यांनी असं लेकरू रडवलंय, त्यांनी जरा मोठ्यानं घ्या.