दीपालीबद्दल दोन शब्द

—नाही, त्या स्टुलावर नको, त्याचा एक पाय डुगडुगतो. खुर्चीवर बसा. दीपालीची चौकशी करायला आलात ना, मग सांगते. पण मी जे सांगेन ते जसंच्या तसं टिपा, मोबाइलमधल्या त्या तयार चौकोनांत कोंबू नका. ‘उत्तम’, ‘ठीक’, ‘असमाधानकारक’ — माणूस काय केळीचा घड आहे, वरून हात फिरवून प्रत ठरवायला? हो, भूमिका मीच. दीपाली आणि मी बरोबरच एम.एस्सी. झालो, रसायनशास्त्रात, प्रयोगशाळेत एकाच टेबलावर. ओळखीची व्यक्ती म्हणून तिनं माझं नाव का दिलं, तेही सांगते. ती म्हणाली, ‘भूमिका, तू मोजून बोलतेस.’ तर मोजून सांगते: कामात ती माझ्यापेक्षा सरस आहे. आकडा मनासारखा आला नाही, तर मी चिडते. ती भांडं धुऊन प्रयोग पुन्हा लावते. लिहिलंत? लिहा ना!

तुमच्या त्या चिप्सच्या कारखान्यात गेल्या वर्षी मीही गेले होते, प्रयोगशाळेतल्या अशाच जागेसाठी. — तुमचा कारखाना नाही? तुम्ही नुसते चौकशी एजन्सीचे, खंडव्याहून आलात? बरं, दुरुस्ती मान्य. त्यांच्या कारखान्यात. तळणाच्या तेलाची आम्लता कशी काढाल, विचारलं — सांगितलं. चिप्स पाकिटात मऊ पडल्या तर आधी काय तपासाल — तेही सांगितलं. मोठे साहेब खूश, मान डोलावतायत. आणि मग पेन खाली ठेवून, अगदी मामाच्या आवाजात — ‘बेटा, शादी का क्या सोचा है?’ आता तुम्हीच सांगा भाऊ, माझ्या लग्नानं तेलाची आम्लता वाढते की घटते? तुम्ही हसताय. मी हसले नव्हते. मी विचारलं — अगदी नम्रपणे विचारलं, आवाज चढवला नाही — ‘सर, माझ्या आधी तुषार आत येऊन गेला, त्याला हे विचारलंत का?’ तुषार आमच्याच वर्गातला. त्याला काय विचारलं होतं, माहीत आहे? क्रिकेट खेळतोस का! तो बॅटिंग करतो की बोलिंग, यावर त्याची निवड झाली — म्हणजे, अचूक सांगायचं तर, यावरच झाली असं मी सिद्ध करू शकत नाही. पण झाली.

आणि मग तुमच्यासारखेच एक आले होते. घरात नाही आले, गल्लीच्या तोंडाशी उभं राहून शेजारच्या मालूबाईंना विचारलं, मुलगी कशी आहे. मालूबाई म्हणाल्या, ‘हुशार आहे हो पोरगी, पण कोणाचं ऐकून घेत नाही.’ मला नंतर त्यांनीच सांगितलं, कौतुकानं! आठवड्यानं फोन — ‘आप हमारे माहौल में फिट नहीं बैठतीं.’ दोन वर्षं प्रयोगशाळेत उभं राहून पाय सुजवले, आणि निकाल कुणी लावला? भाजी निवडता निवडता मालूबाईंनी! नाही, मला बोलू द्या. हा राग माझ्या जागेचा नाही, ती गेली ती गेली. हा राग त्या नियमाचा आहे, जो कुठेही लिहिलेला नाही आणि सगळ्यांना पाठ आहे — की मुलगी लग्न करणार असेल तर काम शिकवून काय उपयोग, निघून जाईल. लिहिलेला असता तर निदान त्याविरुद्ध अर्ज तरी करता आला असता.

आई, इथे ठेव वाटी. घ्या भाऊ, दराबा आहे. घ्या हो, बुऱ्हाणपुरात आलात आणि दराबा न खाता उठलात तर आई मला बोलेल. रव्या-साखरेचा, तुपात हातानं फेटलेला, बघा कसा पांढराशुभ्र — चमच्यानं घ्या, बोटाला चिकटतो. आमच्या घरचा नाही, दीपालीकडून आलाय, डबाभर पाठवलाय तिच्या आईनं.

कशाचा? काही नाही, असाच. — नाही, परीक्षेचा कसला, परीक्षा केव्हाच झाली. वाढदिवसही नाही, वाढदिवसाला कुणी आमच्या अख्ख्या लालबाग मोहल्ल्यात डबे वाटतं का? — लग्नाचा? छे! लग्नाचा नाही, लग्न अजून कुठे — साखरपुड्याचा आहे.

म्हणजे.

म्हणजे, साखरपुडा म्हणजे लग्न नव्हे. हे आधी नीट लक्षात घ्या, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. — नाही, या महिन्यात नाही हो, काहीही काय बोलता, लग्न मार्चमध्ये आहे. आणि ती कुठे पुण्याला-मुंबईला निघालेली नाही! मुलगा दापोऱ्याचा आहे, निरंजन, केळीची शेती आहे, इथून हाकेच्या अंतरावर. कारखान्याच्या फाटकाशी सोडायला मी येईन म्हणतो तो, स्वतः म्हणतो. — काय लिहिताय? तुम्ही काय लिहिताय? मघापासून मी बोलतेय, तिची हुशारी सांगितली, चिकाटी सांगितली, तेव्हा तुमचा अंगठा हलला नाही, आणि आता —

थांबा. ऐका. तिला ही नोकरी मार्चच्या आत हवी आहे, का ते ऐका. नोकरी हातात असली तर सासरी कुणी सोड म्हणणार नाही, तसं बोलणं झालंय. हातात नसली तर नवी शोध असंही कुणी म्हणणार नाही. एवढंच आहे. मुलाखतीला जाताना तिनं बोटातली अंगठी काढून माझ्या हातात दिली होती, मीच सांभाळली — तेही लिहिलंत? ते खोटं नव्हे! विचारलं नाही ते सांगितलं नाही, याला खोटं म्हणत नाहीत. — विचारलं होतं? तिला विचारलं होतं, आणि ती ‘अभी कुछ सोचा नहीं’ म्हणाली? मला हे ठाऊक नव्हतं. मग दुसरं काय म्हणणार ती? मी सरळ बोलले होते ना, माझं काय झालं?

ते खोडा. खोडता येतं, तुमच्या मोबाइलमध्ये मागे जायचा बाण असतो, मला दिसतोय. पुढे गेलं? कुठे पुढे गेलं? इथे माझ्यासमोर बसून, आमच्या खुर्चीवर —

आता काय राहिलंय विचारायचं? ‘उमेदवार विश्वासू आहे का?’ आहे. लिहा, उमेदवार विश्वासू आहे. तिनं ज्या व्यक्तीचं नाव दिलं, ती नाही.

नाही, ती वाटी ठेवा. खाऊ नका. तो तिच्या साखरपुड्याचा आहे. चमचाही ठेवा.

उठा.