या वाक्यापासून ‘तू’

समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या स्टुडिओचे संचालक इंजिनियर तुर्चानसाहेब. व्यासपीठावर, म्हणजे एरवी ज्या फळ्यांवर आपण पावलांचे आवाज मुद्रित करतो त्या फळ्यांवर, विराजमान झालेले ज्येष्ठ नट श्री. सेवेरीन, दूरचित्रवाणीकडून आलेले आणि पावाच्या सजवलेल्या चकत्यांकडे संयमाने पाहणारे निमंत्रित, ज्यांचे चेहरे कोणी ओळखत नाही, पण ज्यांच्या आवाजांच्या साथीने अर्धा स्लोव्हाकिया रात्रीचं जेवण उरकतो असे समस्त कलावंत, आणि पहिल्या रांगेत चहाचा पेला घेऊन बसलेल्या आजच्या सत्कारमूर्ती, आपल्या संवाद-संपादिका श्रीमती झेल्मिरा ह्रोन्चेकोव्हा,

अध्यक्षांनी मला ‘दोन शब्द’ बोलण्याची आज्ञा केली आहे. सुदैवाने माझा विषयही नेमका दोन शब्दांचा आहे. एक ‘तू’ आणि दुसरा ‘तुम्ही’. या दोन शब्दांनी मला दोन तपांत जेवढं दमवलं, तेवढं निर्मात्यांनीही दमवलेलं नाही. आणि निर्मात्यांनी त्या कामी कसूर केली असं कोणी म्हणू शकणार नाही.

निमंत्रितांसाठी थोडा खुलासा. आम्ही परदेशी चित्रपटांना स्लोव्हाक बोलायला लावतो. यातली बहुसंख्य पात्रं इंग्रजी बोलतात, आणि त्या बिचाऱ्यांकडे समोरच्या माणसासाठी एकच शब्द आहे. राजाला तोच, कुत्र्याला तोच, आणि ज्याला पुढच्या क्षणी गोळी घालायची आहे त्यालाही तोच. ती माणसं भेटतात, भांडतात, प्रेमात पडतात. पण आपण एकमेकांना नेमके कधीपासून परके राहिलो नाही, हे त्यांना स्वतःलाच ठाऊक नसतं. ते इथे, ब्रातिस्लाव्हात, दुसऱ्या मजल्यावर, झेल्मिराबाई ठरवत आल्या.

पद्धत आपण सर्वांनी पाहिलेली आहे. काचेपलीकडे नट. काचेअलीकडे दिग्दर्शक म्हणून मी, आणि माझ्या डाव्या हाताला झेल्मिराबाई, बिनसाखरेच्या चहाचा पेला आणि एक चमचा. साखर नाही, मग चमचा कशाला, असा प्रश्न प्रत्येक नवागताला पडतो. दृश्य सरकत जातं, नायक नायिकेला ‘तुम्ही, तुम्ही’ करत राहतो, आणि मग एका वाक्याआधी चमचा पेल्यावर वाजतो. एकदाच. त्या वाक्यापासून ‘तू’.

यात जोखीम काय, असं कोणी विचारेल. जोखीम ओठांची आहे. ‘बस’ म्हणायला लागतो त्याहून ‘बसा’ला वेळ अधिक लागतो, आणि पडद्यावरचा परदेशी ओठ तोवर मिटून गेलेला असतो. प्रत्येक ‘तुम्ही’ला मला कुठेतरी श्वास चोरावा लागतो. नटांना ‘तू’ हवा असतो, कारण तो तोंडात मावतो. सेवेरीन, हसू नकोस, गोष्ट तुझीच आहे. एका चित्रपटात याने नायकाच्या मुखातून नायिकेचं चुंबन घेतलं, विवाह केला, मधुचंद्राला निघाला, तरी चमचा वाजेना. शेवटी याने कानांवरचं यंत्र काढून काचेवर थाप मारली.

“झेल्मिराबाई, अहो, लग्न झालंय त्यांचं! आता तरी ‘तू’ म्हणू द्या!”

“लग्न झालंय,” बाई म्हणाल्या. “ओळख कुठे झालीय?”

“आगगाडीत एकाच डब्यात झोपलेत ते!”

“मग काय? आगगाडीत कोणीही झोपतं.”

चमचा वाजला तो बऱ्याच पुढे. ती दोघं सामानावरून कडाकडा भांडतात आणि मग दमून एकाच पेटीवर बसतात, तिथे. सेवेरीनने तो ‘तू’ असा काही उच्चारला, की ध्वनिमुद्रक गेझा नाक पुसू लागला. गेझा आजही म्हणतो, सर्दी होती.

उलटा प्रवासही त्यांनी घडवला. एका घटस्फोटाच्या दृश्यात पत्नी शेवटच्या वाक्याला ‘तू’वरून पुन्हा ‘तुम्ही’वर गेली. वितरकांचा एक तरुण प्रतिनिधी तक्रार घेऊन आला: “बाई, मूळ भाषेत तर दोन्हीकडे एकच शब्द आहे.” बाई उत्तरल्या, “मूळ भाषेत टंचाई असेल, तर तिची भरपाई मी करायची की त्यांनी?”

अलीकडे संहिता यंत्राकडून भाषांतरित होऊन येते. त्यात पोलीस अधिकारी विधवेला पहिल्याच भेटीत ‘तू’ म्हणतो आणि खुन्याला ‘तुम्ही’. बाई ती दुरुस्त करत बसायच्या, ओळीमागून ओळ, तक्रार न करता. मी त्यांना तक्रार करा म्हणत असे. थकलेला माणूस दुसऱ्याच्या तक्रारीवर थोडा विसावतो. पण त्यांनी ती सोयही मला दिली नाही.

आता मूळ मुद्दा. आपल्या या वास्तूत सगळे सगळ्यांना ‘तू’ म्हणतात. नवा आलेला तरुण तिसऱ्या दिवशी अध्यक्षांना ‘तू’ म्हणू लागतो. अध्यक्षांना त्याचं नाव आठवत नसतं, एवढाच काय तो फरक. अपवाद एकच. झेल्मिराबाई मला ‘दिग्दर्शक महाशय, तुम्ही’ म्हणतात, आणि मी त्यांना ‘झेल्मिराबाई, तुम्ही’. पहिल्या दिवसापासून आज दुपारपर्यंत.

दंडक आपणा सर्वांना मुखोद्गत आहे. ‘तू’चा प्रस्ताव ज्येष्ठाने कनिष्ठापुढे ठेवावा, स्त्रीने पुरुषापुढे, आणि वरिष्ठाने हाताखालच्यापुढे. झेल्मिराबाई वयाने मोठ्या. झेल्मिराबाई स्त्री. राहता राहिलं पद. मी त्यांचा वरिष्ठ असल्याचा उल्लेख माझ्या नेमणूकपत्रात आहे, परंतु त्यावर या इमारतीत कोणाचा विश्वास बसलेला मी पाहिलेला नाही. सारांश, प्रस्तावाचा अधिकार सर्वस्वी त्यांचा. माझ्याकडे फक्त वाट पाहण्याचं कर्तव्य. आणि एका व्यक्तीसाठी इतका काळ अनेकवचन वाहणं, मान्यवरहो, हे अंगमेहनतीचं काम आहे. देवाला आपण ‘तू’ म्हणतो, नळ दुरुस्त करणाऱ्याला मात्र ‘तुम्ही’. कारण तो पुन्हा येईल याची शाश्वती नसते. इतकी वर्षं मी रोज संध्याकाळी माझ्या सहकारिणीला नळ दुरुस्त करणाऱ्याचा शब्द लावून निरोप देत आलो.

एकदा मला वाटलं, वेळ आली. माझी आई गेली त्या हिवाळ्यात मी आठवडाभर घराबाहेर पडलो नव्हतो. दार वाजलं. बाहेर झेल्मिराबाई, हातात घेवड्याच्या सुपाचं पातेलं, टोपीवर बर्फ. त्या थेट स्वयंपाकघरात गेल्या, सूप ऊन केलं, ताट पुढ्यात ठेवलं. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत होतो.

“जेवा,” त्या म्हणाल्या.

मी जेवलो. सूप उत्तम होतं. त्या अनेकवचनाचा घास मात्र घशाखाली उतरायला फार वेळ लागला.

पुढे काही महिन्यांनी एक चित्रपट आला. एक विधुर, एक शेजारीण, चुलीवर सूप. दैवाला कधीकधी विनोदाची अभिरुची नसते. दृश्य सुरू झालं. मी चमच्याकडे पाहत होतो. चमचा हलला नाही. दृश्य संपलं. मी म्हणालो, “झेल्मिराबाई, इथे नाही? तिने त्याच्यासाठी सूप आणलंय!”

त्यांनी चहाचा घोट घेतला. “दुःखात असलेल्या माणसाला कोणीही ‘तू’ म्हणू शकतं, दिग्दर्शक महाशय. तेव्हा त्याला ‘नको’ म्हणण्याचं त्राण नसतं. त्याच्या त्या दिवसांचा फायदा घ्यायचा नसतो.”

“मग कधी?”

“दोघांनाही एकमेकांकडून काहीच नको असतं, तेव्हा. बोलावं लागतं म्हणून बोलत नाहीत, तेव्हा.”

त्या दिवशी मला कळलं की त्या हिवाळ्यात मला ‘जेवा’ म्हणणं हा दुरावा नव्हता. तो शिष्टाचार नव्हता, की संकोचही नव्हता. ती माझ्याबद्दलची काळजी होती, आणि तिच्यासाठी त्यांनी माझा गैरसमजही सोसला. हे मी त्यांना आजवर सांगितलेलं नाही. ‘तुम्ही’ या शब्दात अशी वाक्यं मावत नाहीत.

उद्या सकाळी झेल्मिराबाई आपल्या धाकट्या बहिणीकडे बार्देयोवला जाणार आहेत. देशाचं हे टोक आणि ते टोक. तिथे सफरचंदाची बाग आहे, आणि बहीण म्हणे फार बोलते. इथे उपस्थित असलेले सर्वजण म्हणतील, संपर्कात राहू. मी या शब्दप्रयोगाने थकलो आहे. आपण ज्यांना ‘तू’ म्हणतो त्यांना फोन करतो; ज्यांना ‘तुम्ही’ म्हणतो त्यांना नाताळात कार्ड पाठवतो, आणि एका नाताळात तेही राहून जातं. ‘तुम्ही’ हा कार्यालयाच्या आश्रयाने जगणारा शब्द आहे. कार्यालय सुटलं की तो निवृत्त होतो, आणि त्याने जोडून ठेवलेल्या दोन माणसांना बरोबर घेऊन जातो. अशी माझी किती माणसं गेली, याची मोजदाद मी करत नाही. हे एक माणूस जाऊ नये, एवढंच.

म्हणून मी काहीही मागत नाही. प्रस्तावाचा अधिकार माझा नाही, आणि हा दंडक मोडावा इतका मी अजून असंस्कृत झालेलो नाही. यंत्राची भाषांतरं वाचूनही झालो नाही. मी केवळ दृश्याचा दिग्दर्शक या नात्याने काही बाबी निदर्शनास आणतो. झेल्मिराबाई, आज दुपारी तुम्ही कपाटाची किल्ली कार्यालयात जमा केलीत. अध्यक्षांनी मघाशी शाल, पुष्पगुच्छ आणि बोरोविच्का मद्याची बाटली अर्पण केली. म्हणजे या क्षणी तुम्ही माझ्या संपादिका नाही, आणि मी तुमचा दिग्दर्शक नाही. उद्यापासून आपल्याला एकमेकांशी बोलावं लागणार नाही. मी दुःखात नाही. थकलेलो आहे, पण तो माझा नेहमीचा चेहरा आहे. आणि मला तुमच्याकडून काहीही नको आहे. हे शेवटचं विधान असत्य आहे, हे प्रामाणिकपणे नमूद करतो. बाकीची विधानं तपासून घ्यावीत. नियम तुमचाच आहे. दृश्य समोर आहे. याहून अधिक स्पष्ट मला माझ्या पदावरून...

क्षमस्व. काहीतरी वाजलं.

गेझा, तू ऐकलंस? अध्यक्ष महाराज, आपण? चहा ढवळला जात असावा, असं कोणी सुचवू नये. या सभागृहातलं लहान मूलही सांगेल की त्या पेल्यात साखर नसते.

काय म्हणालात? मागे ज्यांना ऐकू गेलं नाही, त्यांच्यासाठी सांगतो. सत्कारमूर्ती म्हणाल्या, “भाषण लांबलं, वेन्देलीन. पुढचं वाक्य घे.”

‘घे’. ‘घ्या’ नव्हे. आणि ‘दिग्दर्शक महाशय’ही नव्हे, माझं नाव. सेवेरीन, तू साक्षीदार आहेस. गेझा, नाक पूस.

घेतो. अध्यक्षांचे, निमंत्रितांचे आणि चकत्यांवर अंड्याचे काप इतक्या समभावाने रचणाऱ्या आपल्या उपाहारगृहातील भगिनींचे मनःपूर्वक आभार. बोलण्याच्या ओघात कोणाचा मान राखायचा राहिला असेल, कोणाला अनेकवचन कमी पडलं असेल, तर ते आजच्या दिवसापुरतं पोटात घालावं. बाटली उघडायला हरकत नाही. ‘तू’ ठरल्यावर रिवाजाप्रमाणे कोपरात कोपर अडकवून प्यायचे दोन पेले मला लागतील.

आणि झेल्मिरा. पाहा... पाहा नव्हे, पाहा नव्हे. बघ, ओठ अजून सरावलेले नाहीत.

झेल्मिरा, पोचलीस की फोन कर.