पितरांच्या आंब्याची कोय

...आणि वर मलाच विचारतात, भाऊ, कुत्र्याला आंबा दिलाच कशाला. दिला? मी? तुम्हाला सांगतो, त्या आंब्याला हात लावायची माझीसुद्धा टाप नव्हती. आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा आंबा तो. पाण्यानं भरलेली घागर, घागरीवर तांब्या, तांब्यावर खरबूज, शेजारी दोन गावठी आंबे, सगळं आमच्या वडिलांच्या, म्हणजे आबांच्या नावानं. पितरांना घास गेल्याशिवाय घरात कुणी आंबा चाखायचा नाही, ही आपल्या खान्देशातली रीत. आम्हाला ठाऊक आहे. आमच्या बंड्या कुत्र्याला कोण सांगणार? त्यानं एक उचलला आणि सालीसकट गिळला.

मग मान लांब केली. तोंडातून लाळेची तार, आणि आवाज नाही. कुत्रं भुंकतं तोवर बरं असतं हो... गप्प झालं की घर गप्प होतं.

माझी थोरली बहीण मंजुळाबाई, आमची अक्का, वरणगावहून आखाजीला इथं धुळ्यात, देवपूरला माहेरी आलेली. तिनं कुत्र्याकडे पाहिलं, घागरीकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाली, "तुना बापनी लिधा रे भाऊ." म्हणजे आंबा आबांनीच घेतला, कुत्र्याच्या तोंडानं. यावर माझी बायको सुलक्षणा, एम.ए. झालेली बाई, हळूच म्हणते, "आबांना कोय चोखायला फार आवडायची नाही का."

तेवढ्यात अक्काचे यजमान, आमचे भाईदास भाऊजी, उठले. "माशाचा काटा अडकल्यावर काय करतो आपण? केळं." मी डॉक्टरांना फोन लावतोय, तोवर या गृहस्थांनी दोन केळी आत कोंबली. केळी जाऊन बसली कोयीच्या डोक्यावर. आणि कोय? कोय तिथंच.

धुळ्याच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला. कोय अन्ननलिकेत, हृदयाच्या बरोबर वर. "तोंडातून दुर्बीण घालून चिमट्यानं ओढावी लागेल. तशी दुर्बीण जळगावला आहे. आजच न्या, उद्या नलिका फाटेल." म्हटलं घरून पैसे घेतो, पाण्याची बाटली घेतो आणि निघतो. तर अक्का दारात आडवी.

"पितरस्ना घास शे तो. गया तो गया. त्याले परत नही काढतस."

"अक्का, कुत्रं मरेल."

"मंग? आबास्ना तोंडना घास काढशी?"

छत्तीस वर्षं बातमीदारी केली मी. मंत्र्यांना भर सभेत उभं राहून प्रश्न विचारलेत, आणि इथं एका उंबऱ्यापुढं अडलो. अर्धा तास आमची हुज्जत चालली. बंड्या गाडीत, काचेला नाक लावून माझ्याकडे बघतोय. आणि कोय तिथंच. शेवटी खोटं बोललो, नुसतं तपासून आणतो म्हणालो, आणि गाडी सोडली. पारोळा गेलं, एरंडोल गेलं, उन्हानं रस्ता पांढरा पडलेला. मागच्या सीटवरचा श्वास मोजत गाडी चालवलीय कधी? मी चालवली. मध्ये एकदा तो ऐकूच येईना.

जळगावच्या दवाखान्यात डॉक्टर जीनत. तरुण बाई, आवाज एकदम थंड. "काही खायला दिलंय?" मी एक्स-रे पुढं केला. दुसऱ्यांना असा प्रश्न विचारून मी आयुष्य काढलं, तेव्हा उत्तर टाळण्याचा अर्थ मला कळतो. तिलाही कळला. "काय दिलं?" केळी. "किती?" दोन. "भूल द्यायची तर पोट रिकामं लागतं साहेब. ही केळी फुप्फुसात उतरली, तर कोयीची काळजी करायला कुत्रा राहणार नाही." आणि कागद पुढं केला. जिवाला धोका आहे, मला समजलंय, खाली सही.

सुलक्षणाचा फोन आला, म्हटलं थांब, आणि तसाच खिशात टाकला. समोर पडद्यावर बंड्याच्या आतला ओला, लाल बोगदा. आधी केळं आलं, चिकट, काळपट. ते ओढून काढलं. खाली कोय, केसाळ, आडवी रुतलेली. चिमटा धरायचा, निसटायचा. धरायचा, निसटायचा. शेजारच्या यंत्राची टिकटिक सैल होत चाललेली. डॉक्टर मान वर न करता म्हणाल्या, "आता शेवटचं बघते. नाही आली तर छाती उघडावी लागेल, आणि एवढा वेळ तो काढेल असं वाटत नाही."

कोय तिथंच.

तेव्हा, तुम्हाला म्हणून सांगतो, माझे हात आपोआप जुळले. "आबा," म्हटलं, "सोडा त्याला. चुकलो मी. पाटीभर आंबे ठेवतो तुमच्यापुढं. आणि ते अंधश्रद्धेविरुद्धचे सोळा लेख लिहिले ना मी, सगळे मागं घेतो. पण सोडा."

आली हो. कोय आली. डॉक्टरांच्या हाताचं कसब ते, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही.

पण खिशातून आवाज आला. फोन चालूच होता, आणि तिकडे सुलक्षणानं तो सगळ्यांना ऐकू यावा म्हणून मोठा करून ठेवलेला.

"ऐकं रे भाऊ," अक्का म्हणाली, "बठ्ठासनी ऐकं." म्हणजे ऐकलं, घरातल्या सगळ्यांनी ऐकलं.

बंड्या बरा आहे. दहीभात खातो. अक्का अजून वरणगावला परतलेली नाही. रोज सकाळी पेपर उलगडते आणि विचारते, माघार कोणत्या पानावर छापणार. आतल्या पानावर चालणार नाही म्हणते... आबा पहिलंच पान वाचायचे.